निवृत्तीसाठी ईटीएफ घ्यायचाय, पण ॲपवरची यादीच संपत नाही. नेमका कसा निवडायचा?

सातपूरची_मीना

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं वय ३९, सातपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, पीएफ कापला जातो. ह्यांचं वय ४३, पंचवटीत हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, म्हणजे त्यांना पीएफ नाही, पेन्शन नाही, काहीच नाही. आत्तापर्यंत आमचं सगळं एलआयसीच्या दोन पॉलिसी, पतपेढीतली एफडी आणि माझं पीपीएफ ह्यातच होतं. मार्चमध्ये घराचा हप्ता संपला आणि आता महिन्याला साधारण १५ हजार मोकळे होतायत, ते खर्चात विरून जायच्या आत कुठेतरी लावायचेत. सासरे म्हणतात सोनं घ्या. ऑफिसमधला एक जण म्हणाला, ताई, वीस वर्षांसाठी असेल तर डोळे झाकून निफ्टीचा, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या इंडेक्सचा, ईटीएफ घ्या, शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड असतो तो, खर्च सगळ्यात कमी.

म्हणून डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडलं, ॲपमध्ये निफ्टी ईटीएफ टाकलं तर ही लांबलचक यादी. एकाचा भाव अडीचशेच्या वर, दुसऱ्याचा पार दहा-अकरा रुपये, आणि सगळेच म्हणतात आम्ही निफ्टी ५०. मग दहा रुपयेवाला स्वस्त का? आणि खाली अजून बँक, आयटी, डिफेन्स, मोमेंटम, सोनं, चांदी, अमेरिकेचा नॅसडॅक... मी ॲप बंदच करून टाकलं.

मला खरंच समजून घ्यायचंय की निवडताना बघायचं काय. आणि ब्रोकर किंवा ती फंड कंपनीच बंद पडली तर ह्यांच्या म्हातारपणाच्या पैशाचं काय होणार, ही भीती पण आहेच. पतपेढी बुडताना माहेरी जवळून बघितलीय.

---

शनिवारपेठी

मीनाताई, प्रश्न नीट मांडलात, त्यामुळे उत्तर द्यायला सोपं आहे. थोडं लांब होईल.

पहिलं म्हणजे भाव. दहा रुपयेवाला स्वस्त नाही आणि अडीचशेवाला महाग नाही. कलिंगडाच्या दहा फोडी केल्या काय आणि चार केल्या काय, कलिंगड तेवढंच. कोणी निफ्टीचा शंभरावा भाग एक युनिट धरतं, कोणी अजून बारीक तुकडा करतं. निफ्टी १ टक्का वर गेला की दोन्ही १ टक्काच वर जाणार.

बघायचं काय, तर माझ्या मते तीन गोष्टी. रोज किती युनिट्सचा व्यवहार होतो, घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात फरक किती आहे, आणि गेल्या तीन-पाच वर्षांत हा ईटीएफ त्याच्या इंडेक्सच्या किती मागे पडला. ह्या शेवटच्याला ट्रॅकिंग डिफरन्स म्हणतात, फंडाच्या वेबसाइटवर मिळतो. तुलना टीआरआयशी करायची, म्हणजे डिव्हिडंड धरून जो निफ्टी असतो त्याच्याशी, नुसत्या टीव्हीवर दिसणाऱ्या निफ्टीशी नाही. लोक फक्त एक्स्पेन्स रेशो बघतात, म्हणजे फंड वर्षाला किती टक्के खर्च कापतो ते. एकाचा ०.०४ आणि दुसऱ्याचा ०.०७, ह्याचा १ लाखावर वर्षाला फरक होतो ३० रुपये. पण व्हॉल्यूम, म्हणजे रोजचा व्यवहार, नसलेला ईटीएफ घेतलात तर तेवढे पैसे एकाच ऑर्डरमध्ये जातात.

आता बुडायची भीती. युनिट्स ब्रोकरकडे नसतात, तुमच्या नावावर सीडीएसएल किंवा एनएसडीएल ह्या डिपॉझिटरीमध्ये, म्हणजे डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेत, असतात, ब्रोकर म्हणजे फक्त दुकानाचा दरवाजा. आणि ईटीएफच्या आतले शेअर्स फंड कंपनीच्या मालकीचे नसतात, ट्रस्टमध्ये वेगळ्या कस्टोडियनकडे, म्हणजे सांभाळणाऱ्या तिसऱ्याच संस्थेकडे, ठेवलेले असतात. निफ्टीबीजचंच उदाहरण घ्या, भारतातला पहिला ईटीएफ, डिसेंबर २००१ मध्ये बेंचमार्क नावाच्या एका लहान फंड हाउसनं काढला. २०११ मध्ये बेंचमार्क गोल्डमन सॅक्सनं घेतलं, २०१६ मध्ये ते रिलायन्सकडे गेलं, २०१९ मध्ये निप्पॉन आलं. तीनदा पाटी बदलली, आणि ज्यांच्याकडे युनिट्स होते त्यांना काहीही करावं लागलं नाही. पतपेढीत तुम्ही पैसे उसने देता, इथे तुम्ही मालक असता. हा फरक फार मोठा आहे. बाजार पडला तर तुमचे पैसे कमी होणार, त्यातून सुटका नाही, पण कोणी कुलूप लावून पळून गेलं असं सहसा होत नाही.

अजून एक, तुम्हाला वाटतंय तुम्ही पहिल्यांदा ईटीएफ घेताय. तसं नाहीये! ऑगस्ट २०१५ पासून ईपीएफओ, म्हणजे तुमचा पीएफ सांभाळणारी संस्था, दरवर्षी जमा होणाऱ्या नव्या पैशातला काही भाग ईटीएफमध्येच टाकतं, आधी ५ टक्के, मग १०, मग १५. निफ्टी, सेन्सेक्स, शिवाय सरकारी कंपन्यांचे सीपीएसई आणि भारत २२. म्हणजे तुमच्या पीएफमधून तुम्ही कधीपासूनच त्यात आहात. नाहीयेत ते तुमचे मिस्टर. म्हणून मला वाटतं हा सगळा विचार त्यांच्या नावाने सुरू करा.

---

कोकणकडा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. व्हॉल्यूमचा मुद्दा लोक वाचतात आणि सोडून देतात, म्हणून माझ्या बाबतीत काय झालं ते लिहितो.

दोन वर्षांपूर्वी बोनस आला होता, एका थीमवाल्या ईटीएफचे ३०० युनिट घ्यायचे ठरवले. सकाळी ९ वाजून १६ मिनिटांनी, ऑफिसला निघायच्या घाईत, मार्केट ऑर्डर टाकली. त्या वेळी त्याची आयएनएव्ही, म्हणजे आतल्या शेअर्सची त्या क्षणाची खरी किंमत, होती ९६ रुपये ४० पैसे. विकायला किती जण उभे होते ते मी बघितलंच नाही. ९७.१० ला फक्त ४० युनिट होते. त्याच्यावर ९९.५० ला ६०. आणि मग थेट १०३.६० ला हवे तेवढे. मार्केट ऑर्डर म्हणजे मिळेल त्या भावाला दे, त्यामुळे सिस्टिमने पायरी पायरीने वर जात मला ३०० युनिट सरासरी १०१.९१ ला दिले. २८,९२० चा माल मी ३०,५७४ ला घेतला. १,६५४ रुपये अर्ध्या सेकंदात गेले, साडेपाच टक्क्यांच्या वर, आणि दुपारी भाव परत ९६ वर. तक्रार करणार कोणाकडे, ऑर्डर माझीच होती.

तेव्हापासून नियम केलाय. लिमिट ऑर्डरच टाकायची, म्हणजे ह्या भावाच्या वर घ्यायचं नाही असं सांगणारी. सकाळचा पहिला अर्धा तास आणि दुपारी ३ नंतर हात लावायचा नाही. फंडाच्या साइटवर आयएनएव्ही दिसते, ती एका खिडकीत, ब्रोकरचं ॲप दुसऱ्या खिडकीत, आणि आयएनएव्हीच्या ५-१० पैसे वरचा भाव टाकून सोडून द्यायचं, नाही लागली तर उद्या. निफ्टीच्या मोठ्या ईटीएफमध्ये हा त्रास जवळजवळ नाही, तिथे दोन्ही बाजूंना हजारो युनिट उभे असतात.

आणि नॅसडॅकवाला बघत असाल तर जास्त जपून. तिथे प्रकरण वेगळं आहे. परदेशात पैसा लावायला म्युच्युअल फंडांना मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे आणि परदेशी ईटीएफमध्ये लावायला वेगळी १ अब्जाची. ती भरली की फंडाला नवीन युनिट काढता येत नाहीत. एरवी भाव वर गेला की मार्केट मेकर, म्हणजे ईटीएफची खरेदी-विक्री चालू ठेवणारा मोठा व्यापारी, फंडाकडून नवे युनिट घेऊन बाजारात विकतो आणि भाव खाली आणतो, तो नळच बंद होतो. मग लोक जुन्याच युनिट्ससाठी भांडतात आणि १०० ची वस्तू ११०, ११५ ला घेतात. ज्या दिवशी मर्यादा वाढेल त्या दिवशी अमेरिकन बाजार जागचा हलला नाही तरी ते वरचे पैसे उडणार. ॲपवर गेल्या वर्षाचा परतावा मोठा दिसतो, त्यात हा फुगवटा पण धरलेला असतो.

---

सातपूरची_मीना

बाप रे, हे कोणीच सांगितलं नव्हतं. @कोकणकडा, मनापासून आभार, तुमचे पैसे गेले पण माझे वाचले.

आत्ता जेवणाच्या सुट्टीत दोन निफ्टी ईटीएफ शेजारी शेजारी उघडून बघितले. एकात घेणारा आणि विकणारा ह्यांच्यात १ पैशाचा फरक, दुसऱ्यात ४० पैसे. दोघांचा एक्स्पेन्स रेशो जवळपास सारखाच! म्हणजे तुम्ही म्हणताय ते हे.

अजून एक विचारते, इंडेक्स फंड आणि ईटीएफ ह्यात आमच्यासारख्यांनी काय घ्यावं? ह्यांना दुकानात दिवसभर मान वर करायला वेळ नसतो, आयएनएव्ही बघून ऑर्डर टाकणं त्यांच्याकडून होणार नाही.

---

वसुधाकाकू_सांगली

मीना, अगं तुझ्या ह्या शेवटच्या प्रश्नातच उत्तर आहे. मी बँकेत ३४ वर्षं काढली, आता निवृत्त होऊन सात वर्षं झाली, म्हणून थोडं हक्काने लिहिते.

तुझ्या मिस्टरांसाठी साधा निफ्टी ५० इंडेक्स फंड घे, आत शेअर तेच, पण बाजारात नाही तर फंड कंपनीकडूनच घ्यायचा. डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मध्ये एजंट नाही, आणि ग्रोथ, म्हणजे नफा आतच राहतो. डीमॅट लागत नाही, ५ तारखेला बँकेतून आपोआप पैसे जातात, फंडाकडे पोचले त्या दिवशीच्या एनएव्हीला, म्हणजे एका युनिटच्या त्या दिवशीच्या किमतीला, युनिट मिळतात, लिमिट नको आणि घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या भावातला फरक नको. खर्च ईटीएफपेक्षा थोडा जास्त असतो, ०.२ टक्के धर. १० लाखांवर वर्षाला २,००० रुपये, ईटीएफला तेच ४०० पडतील. फरक आहे, नाही म्हणत नाही. पण दुकानाच्या गडबडीत चार महिने ऑर्डर टाकायचीच राहिली, तर त्यापेक्षा कितीतरी जास्त जातं.

आणि तुम्ही सगळे घ्यायचं बोलताय, मी काढायचं बोलते, कारण मी आता त्या टोकाला आहे. इंडेक्स फंडात एसडब्ल्यूपी, म्हणजे ठरलेली रक्कम आपोआप काढायची सोय, लावता येतो, दर महिन्याच्या १ तारखेला माझ्या खात्यात पैसे येतात पेन्शनसारखे. ईटीएफमध्ये तू स्वतः दर महिन्याला विकायला बसणार, विकताना प्रत्येक वेळी डीपी चार्ज, म्हणजे डीमॅटमधून युनिट काढायचं शुल्क, आणि ७२व्या वर्षी ओटीपी आणि टीपिन (विकायला लागणारा डीमॅटचा पिन) करत बसायचं. आज ३९व्या वर्षी ते काही वाटणार नाही. माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे मला मोबाइल बघता येत नव्हता, तरी १ तारखेला पैसे आले.

आता २००८ चं सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते बघितलेलं नाही. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,३०० च्या वर होता. ऑक्टोबरच्या शेवटी, ऐन दिवाळीत, २,३०० च्या खाली जाऊन आला. १ लाखाचे ३५-३६ हजार. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यानं त्याच आठवड्यात सगळं विकून एफडी केली, मुलीचं लग्न होतं फेब्रुवारीत. त्याची चूक विकण्याची नव्हती गं, दोन वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवला ही चूक होती. २०१० च्या दिवाळीत निफ्टी परत त्या जागी टेकला, पुन्हा घसरला, आणि २०१४ उजाडलं तेव्हा कुठे ती पातळी कायमची मागे पडली. सहा वर्षं! त्या सहा वर्षांत मी महिन्याचे ३ हजार चालू ठेवले आणि पडलेल्या भावात घेतलेल्या त्याच युनिट्सवर आज माझा एसडब्ल्यूपी चालतोय.

म्हणून पुढच्या सहा-सात वर्षांत लागणारा एकही रुपया ह्यात टाकायचा नाही, आणि तुझ्या मिस्टरांचं ५५ ओलांडलं की दरवर्षी थोडं थोडं काढून एफडी, पीपीएफकडे न्यायला सुरुवात करायची. एकदम ६०व्या वर्षी नाही. ते वर्ष २००८ सारखं निघालं तर?

---

जळगावकर

काकू, अनुमोदन. मला नॉमिनीबद्दल लिहायचंय.

माझा मोठा भाऊ तीन वर्षांपूर्वी अचानक गेला. वय ४६. हुशार होता, ईटीएफ, शेअर, सगळं नीट केलेलं होतं, पण वहिनीला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. कोणत्या ब्रोकरकडे खातं आहे इथपासून शोध. शेवटी त्याच्या ईमेलमध्ये डिपॉझिटरीकडून येणारं एकत्रित स्टेटमेंट सापडलं, त्यात डीमॅट आणि म्युच्युअल फंड दोन्ही एका कागदावर होते, तेव्हा कळलं काय काय आहे. नॉमिनी म्हणून लग्नाआधी टाकलेलं आईचं नाव, आणि आई त्याच्या आधीच गेलेली. मग वारस दाखला, कोर्ट, वकील, चौदा महिने. त्या चौदा महिन्यांत मुलाची इंजिनिअरिंगची फी मी भरली, त्याचं मला काही नाही, पण वहिनीला प्रत्येक वेळी मागताना जे वाटायचं ते मी बघितलंय.

ताई, कोणता ईटीएफ हा प्रश्न नंतर. आज संध्याकाळी दोघांनी एकमेकांची नावं नॉमिनी म्हणून टाका, आणि एका वहीत लिहून ठेवा कुठे काय आहे. पासवर्ड नको, फक्त खात्याची नावं आणि नंबर. वही कपाटात कुठे आहे ते मुलांना पण सांगा.

---

मिरजमळा

छान धागा. मला एक शंका. पीपीएफ ७.१ टक्के, करमुक्त, सरकारी. मग एवढा जीव टांगणीला का लावायचा?

---

शनिवारपेठी

@मिरजमळा, रास्त शंका. आकडेच बघू. महिन्याला ८ हजार, २० वर्षं, म्हणजे खिशातून गेले १९ लाख २० हजार. ७.१ नं साधारण ४२ लाख होतात. शेअर बाजारात १० टक्के मिळाले असं धरलं, हमी अजिबात नाही, तर ६० लाखांच्या आसपास. आता महागाई ६ टक्के धरा, २० वर्षांनंतरच्या त्या ६० लाखांची किंमत आजच्या हिशोबात १९ लाखांच्या घरात. आणि ४२ ची तेरा-साडेतेरा. खिशातून गेलेल्या हप्त्यांची किंमतही महागाईनं अशीच कमी धरायची, म्हणजे नुसत्या पीपीएफवर राहिलात तर महागाईच्या जेमतेम पुढे. पण म्हणून पीपीएफ सोडा असं मी कधीच म्हणणार नाही, दोन्ही पाहिजेत. मीनाताईंकडे ईपीएफ आहे, २०२४-२५ ला ८.२५ टक्के मिळाले, ते त्यांचं स्थिर खातं. मिस्टरांचं तसलं काहीच नाही म्हणून त्यांच्या नावानं पीपीएफ पण उघडावं. एनपीएस, म्हणजे सरकारची पेन्शन योजना, पण बघू शकता, खर्च फार कमी, दुकानदारांनाही चालतं, २००९ पासून सगळ्यांना खुलं आहे. फक्त पैसा लांबपर्यंत अडकतो आणि शेवटी बहुतेकदा काही भागाची एन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून ठरावीक पेन्शन, घ्यावी लागते, त्यामुळे दुकानाला मध्येच भांडवल लागेल असं वाटत असेल तर सगळं तिथे नको.

कराचं राहिलं. इक्विटी ईटीएफ किंवा इंडेक्स फंड एक वर्षाच्या वर ठेवून विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, त्याच्यावर १२.५ टक्के. वर्षाच्या आत विकला तर २०. नवरा-बायको दोघांच्या नावानं वेगवेगळं असेल तर सव्वा-सव्वा लाख दोघांना वेगळे मिळतात. फक्त पैसे तुमच्या पगारातून ह्यांच्या नावावर टाकले तर त्यावरचं उत्पन्न तुमच्याच खात्यात धरलं जाऊ शकतं, म्हणून ह्यांचे हप्ते दुकानाच्या उत्पन्नातूनच जाऊ द्या.

---

न्यूजर्सीची_वारी

थोडं बाजूचं, पण इथे परदेशातले बरेच जण वाचतात म्हणून. तुम्ही अमेरिकेत टॅक्स भरत असाल तर भारतातले ईटीएफ, इंडेक्स फंड घेण्याआधी दहादा विचार करा. इथल्या कायद्यात ते पीएफआयसी, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी, म्हणून धरले जातात, दरवर्षी प्रत्येक फंडासाठी फॉर्म ८६२१, आणि कर फार जाचक. मी गावाकडच्या प्रेमापोटी पाच फंड घेऊन बसले होते, सीएनं हिशोब दाखवल्यावर सगळे मोडले. अमेरिकेत टॅक्स भरणं पूर्ण सुटलं की मग घ्या.

---

सातपूरची_मीना

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर हा अख्खा धागा ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, सासरे पण शेजारी बसून ऐकत होते. २००८ चं ऐकून हे गप्प झाले, मला वाटलं नाही म्हणतील. मग म्हणाले, दुकानात लोखंडाचा भाव पडला की आपण माल भरतोच की, घाबरून दुकान थोडंच विकतो.

तर ठरलंय ते असं. ह्यांच्या नावानं ८ हजार निफ्टी ५० इंडेक्स फंडात, ५ तारखेला बँकेतून आपोआप, दुकानाच्या खात्यावरून. ४ हजार ह्यांच्या नव्या पीपीएफमध्ये, पोस्टात शनिवारी जाणार. आणि ३ हजार माझ्या नावानं निफ्टीच्या ईटीएफमध्ये, कारण मला ऑफिसात अकरा वाजता चहाला दहा मिनिटं मिळतात आणि आकडे बघायला मला आवडतं. नॅसडॅक, डिफेन्स, चांदी सगळं बाजूला. सासऱ्यांच्या समाधानासाठी दिवाळीला एखादं वळं घेऊ, पण ते दागिना म्हणून.

आज सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी पहिली लिमिट ऑर्डर टाकली. १० युनिट. आयएनएव्हीच्या ५ पैसे वर. दोन मिनिटांत लागली, हात थरथरत होता खरं सांगते.

@जळगावकर, दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या पीएफला अजून लग्नाआधीचं बाबांचं नाव होतं. पोर्टलवर बदललं, डीमॅटला ह्यांचं नाव टाकलं, वही केली, लाल पुठ्ठ्याची, धाकटीला जागा दाखवली.

वसुधाकाकू, तुमच्या एसडब्ल्यूपीचा वेगळा धागा काढाल का? महिन्याला किती काढता, बाजार पडलेल्या वर्षी कमी करता का, हे ऐकायचंय.

---

वसुधाकाकू_सांगली

काढते गं. मार्च २०२० मध्ये मी काय केलं तिथपासून सुरू करते, एका दिवसात १३ टक्के पडला होता तो सोमवार, त्या महिन्याचा हप्ता मी थांबवला होता आणि एफडीतून घर चालवलं होतं. रविवारी निवांत बसून लिहिते.